गेट पडलं की: अनगोळच्या एका घरातलं प्रकरण

आईचा फोन आला तेव्हा तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "टीचर, पोरगी सगळं पाठ म्हणते, पण प्रार्थना करत नाही."

त्यातला फरक मला लगेच कळला नाही, खरं सांगते. बावीस वर्षं संडेस्कूल घेतल्यावर पाठ म्हणणारं मूल म्हणजे प्रार्थना करणारं मूल असंच आपण धरून चालतो, आणि बक्षीसही त्यालाच देतो. या पोरीला तर उन्हाळ्याच्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेत, स्टीलचा डबा मीच दिला होता, प्रभूची प्रार्थना तीन भाषांत न अडखळता म्हटली म्हणून. तेव्हा ती पहिलीत होती, सहा वर्षांची. धाकटा भाऊ चारचा.

घर बेळगावच्या अनगोळमध्ये. ओळख पटेल असे एक-दोन तपशील मी बदललेत. लिहायला सगळ्यांनी हो म्हटलं, आजींची एवढीच अट होती, "मला वाईट लिहू नको बाई."

वडील निपाणीकडचे, मराठी. लहानपणी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचे. आता उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला, बहुतेक सेकंड शिफ्ट, म्हणजे घरी यायला रात्रीचे अकरा. आई बैलहोंगलची, घरची कन्नड, कन्नड प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न चर्चच्या मंडळीतल्या लोकांनीच जुळवलेलं. सोबत वडिलांची आई. मुलं इंग्रजी माध्यमात. बेळगावात यात नवल काहीच नाही. भाजीवालीशी मराठी, कंडक्टरशी कन्नड, शाळेच्या डायरीत इंग्रजी, आणि रागावायचं ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेत. पोरांना याचा त्रास होत नाही. ती एका वाक्यात तीनदा उड्या मारतात आणि पुढं जातात.

प्रार्थनेचं मात्र तसं नव्हतं.

मी गेले तो गुरुवार होता. सलाम झाला, चहा झाला. आईनं पोरीला समोर उभं केलं आणि शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखं, "हं, म्हण" म्हणाली. पोरीनं आधी "हे आमच्या स्वर्गातील पित्या", मग "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये", मग इंग्रजी, असं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले, उच्चार माझ्याहून चांगले. मी म्हटलं, "छान. आता तुला स्वतःला आज देवाला काय सांगायचंय?"

तिनं डोळे उघडले. आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं. "कुठल्या भाषेत?"

"मराठीत बोल की गं," आजी.

"कन्नडदल्लि हेळु," आई.

दोघी एकाच वेळी बोलल्या. दोघींचा आवाज प्रेमाचा होता, हे मुद्दाम लिहिते. पण पोरीची मान खाली गेली आणि फ्रॉकच्या पट्ट्याशी चाळा सुरू झाला. धाकट्यानं कुठूनसं "आमेन!" ओरडून टाकलं. आमेन तेवढा सगळ्यांचा एक. त्यावर त्या घरात कधी भांडण झालं नव्हतं.

लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात काम सुरू केलं १८२० मध्ये. दोनशे वर्षं होऊन गेली, आणि आमेनच्या आधीचं कुठल्या भाषेत बोलायचं हे एका घरात अजून ठरत नव्हतं. १९५६ ला हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून पाट्यांवरून, शाळांवरून इथं जे चालतं ते चर्चच्या दाराबाहेर राहतं असं आम्ही सगळे म्हणतो. राहत नाही. चपलांबरोबर ते बाहेर काढून ठेवता येत नाही. मराठी उपासना एका वेळेला, कन्नड दुसऱ्या, आणि या घरात रविवारी सकाळी साडेसातपासून तोंडं फुगलेली. नात कुणाच्या बाजूला बसते, यावर कोण जिंकलं ते ठरायचं. पोरीला एवढं पक्कं कळलं होतं की तिनं देवाशी तोंड उघडलं की घरातल्या दोघींपैकी एक हरते.

त्यात गल्लीतल्या एका मैत्रिणीनं भर घातली होती. "तुमचा देव इंग्लिश बोलतो ना?" त्या लेकराला काय दोष द्यायचा, मोठ्यांकडून ऐकलेलंच ते. खरं तर गंमत उलटी आहे. इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सनं गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, आणि ती १६१६ मध्ये छापून निघाली. साहेबाला मराठी शिकावं लागलं, देवाला इंग्लिश नाही. पण हे सहा वर्षांच्या पोरीला सांगून उपयोग नव्हता, आणि मी सांगितलंही नाही.

मी जे केलं ते याहून वाईट होतं. वेळापत्रक करून दिलं. सोमवार ते बुधवार मराठी, गुरुवार ते शनिवार कन्नड, रविवारी इंग्रजी, म्हणजे शाळेचंही राहून जायला नको. आईला ते फार आवडलं. तिनं रंगीत पेनानं चार्ट करून फ्रिजवर लावला. आजींनी कुरकुर केली नाही, कारण सुरुवात मराठीनं होती. नवव्या दिवशी आईचा फोन. गुरुवारी संध्याकाळी पोरगी आजीच्या खोलीत गेली आणि विचारती झाली, "आज्जी, आजपासून तुझा देव सुट्टीवर काय?"

मी त्या रात्री जेवले नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा एवढाच अर्क निघाला, की एका लेकराच्या डोक्यात दोन देव आणि त्यांच्या पाळ्या लावून दिल्या.

चार्ट काढा म्हणून सांगितलं, आणि दुसरं काही सुचवलं नाही. खरंच काही सुचत नव्हतं. फक्त एवढं म्हटलं की महिनाभर तिला "म्हण" म्हणायचं नाही. पाठही नाही, प्रार्थनाही नाही. मोठ्यांनी आपापली करावी, पोरांनी ऐकावी नाहीतर खेळावं. आईला हे जड गेलं. शिक्षिका ती. म्हणाली, "विसरेल ना टीचर." मी म्हटलं विसरू दे. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. म्हातारपणी, आजारपणात, बाकी काही आठवेनासं झालं तरी स्तोत्र ओठावर येतं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. पण धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ मध्ये घरच्या कर्त्यासाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, कारण खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या फिरून आल्यावर लोकांना काहीच येत नाही हे बघून तो हबकला होता, तेव्हा त्यानं प्रत्येक कलमाखाली एकच साधा प्रश्न ठेवला होता: हे काय आहे? आमच्या घरांनी कलमं ठेवली आणि प्रश्न गाळला.

प्रश्न विचारला तो पोरीनंच, आणि चुलीपाशी. म्हणजे गॅसपाशी, आजी अजून चूलच म्हणतात.

आजी संध्याकाळी भाकऱ्या थापतात. परातीत ज्वारीचं पीठ, कढत पाणी, तळहाताची ठराविक थाप, आणि त्या थापेवर एखादं जुनं भजन, बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. गळा आता फुटतो, पण ताल सुटत नाही. ‘म्हण’ बंद झाल्यावर पोरीला संध्याकाळी मोकळा वेळ मिळायला लागला, तर ती तिथं पाटावर येऊन बसू लागली. एक दिवस भाकरी तव्यावर फुगताना तिनं विचारलं, "आज्जी, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणतो ती हीच काय?" आजी म्हणाल्या, हीच की, दुसरी कुठली? पोरगी म्हणाली, मग शाळेत ब्रेड का म्हणतात? आणि अम्मा ‘आहार’ म्हणते ते काय? आई तेव्हा वह्या तपासत बसली होती. आतूनच बोलली, "अदे, जोळद रोट्टी." तीच, ज्वारीची भाकरी.

एवढंच झालं. मला हे दोन दिवसांनी कळलं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. फोन आला तो दुसऱ्याच तक्रारीसाठी. त्याच रात्री झोपताना पोरगी, कुणी न सांगता, छताकडं बघत मोठ्यानं म्हणाली होती: "येशू, उद्या रोट्टी नको, भात दे. आमेन."

आजी चिडल्या होत्या. "असं मागतंय काय कोण देवाकडं? आणि अन्नाला नको म्हणायचं?" आईला हसू आवरत नव्हतं, पण तिलाही वाटत होतं की काहीतरी दुरुस्त करायला हवं, निदान आधी ‘धन्यवाद’ तरी म्हणायला शिकवावं. काय करू, विचारत होती.

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी काय केलंस?

"भात केला," आई म्हणाली. "भाकरीचं पीठ संपलं होतं."

आता इथं कुणी तात्पर्य काढायच्या आत सांगते, मी घाबरले. कारण उद्या ही सायकल मागेल, आणि सायकल येणार नाही. तसंच झालं; सायकल नाही, पण चुलत आजोबांचं दुखणं होतं, त्यांच्यासाठी तिनं महिनाभर मागितलं आणि ते गेले. त्याची गोष्ट इथं लांबवत नाही. आईला एवढंच सांगितलं होतं की "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य कुणाही पाहुण्याला घरात बोलू द्यायचं नाही. एका पाहुण्यानं बोलायला तोंड उघडलंच होतं, तेव्हा आजींनी त्यांना पाणी आणायला पाठवलं. पाहुण्याला पाणी आणायला! त्या दिवसापासून माझी आजींवर भक्ती आहे.

भाताच्या प्रार्थनेत सुधारणा करायची नाही हे मात्र मी ठासून सांगितलं. त्या वाक्यात ‘येशू’ होता, ‘उद्या’ होतं, स्वतःचं पोट होतं, आणि मराठीत ‘रोट्टी’ घुसलेली होती. आजीचा शब्द आणि आईचा शब्द शेजारी शेजारी बसवून ती पोरगी पहिल्यांदा कुणालाही न हरवता बोलली होती. ती व्याकरणाची वेळ नव्हती.

पुढच्या भेटीत जेवताना मी बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा दुसरा अध्याय गोष्टीसारखा सांगितला: वारा आला, अग्नीच्या जिभा आल्या, आणि गावोगावच्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आलं. पार्थी, मेदी, एलामी, मिसर, रोम, क्रेत, अरबस्तान, सगळी यादी. पोरगी भात कालवायची थांबली. "कन्नड होतं?" मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून दाखवलं. नव्हतं. आजी किंचित सुखावल्या असाव्यात. मग तिनं विचारलं, "मराठी?" तेही नव्हतं. सासू-सून एकमेकींकडं बघायला लागल्या. बावीस वर्षं हा अध्याय शिकवतेय, पण त्या यादीत आपण नाही हे मला कधी असं टोचलं नव्हतं. मी काही सांत्वनाचं बोलणार, तोवर आजी म्हणाल्या, "आपण मागनं आलोय. वाढ गं तिला आमटी."

मेंढरांची गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली.

माझ्या वर्गात तेविसाव्या स्तोत्राचं रंगवायचं चित्र असतं. हिरवं कुरण, लांब झगा घातलेला गोरा मेंढपाळ, कापसाच्या बोळ्यांसारखी पांढरी मेंढरं. वर्षानुवर्षं तेच झेरॉक्स. सुट्टीनंतर या पोरीनं सगळी मेंढरं काळ्या खडूनं घोटून काढली, कागद फाटेपर्यंत. मी म्हटलं, "अगं, मेंढरू पांढरं असतं ना?" तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की या बाईनं मेंढरू बघितलंय का नाही.

ती बघून आली होती. बैलहोंगलला मामाच्या रानात, ज्वारी निघाल्यावर... नाही, ज्वारीला अवकाश होता, सोयाबीन निघालं होतं. तर त्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. आमच्याकडची दख्खनी मेंढी, काळी, एखादीच्या कपाळावर पांढरा टिक्का. संध्याकाळी जाळी लावून कळप आत घेताना कुरुबर एकेकीला हात लावून सोडत होता. आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू त्याच्या घोंगडीच्या खोळीत, नुसतं तोंड बाहेर. पोरीनं आईमार्फत विचारलं, एवढ्या सगळ्या सारख्याच दिसतात, ओळखता कशा? तो म्हणाला, "मारी नोडिद्र गोत्तागतैति." तोंड बघितलं की कळतं.

आईनं तिथंच, बांधावर उभ्या उभ्या, म्हटलं: "यहोवनु ननगे कुरुबनु; कोरतेपडेनु." म्हणजे, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणं पडणार नाही. कन्नड शास्त्रात तेविसावं स्तोत्र असंच सुरू होतं. पोरीला ते आधीपासून पाठ होतं. पण कुरुब म्हणजे हा माणूस, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "अम्मा, ई कुरुब?" हाच?

इथं मला एक कबूल करावं लागतं. मराठीतला ‘मेंढपाळ’ आमच्या मुलांना फक्त शास्त्रात भेटतो. रस्त्यावर जो भेटतो तो धनगर. आजींच्या तोंडीही रोजचा शब्द तोच. म्हणून या एका ठिकाणी कन्नड शास्त्र लेकराच्या डोळ्यांना जास्त जवळचं निघालं. तीन ते सात या वयात विश्वास चित्रांतून आणि गोष्टींतून बसतो, असं अमेरिकेतले धर्मविचारक जेम्स फाउलर म्हणत. मी ते प्रशिक्षणात ऐकून वहीत उतरवलंही होतं. आणि वर्गात मात्र बाहेरच्या देशातलं चित्र वाटत होते. ते झेरॉक्स आता बंद केलंय. मुलं आपापली मेंढरं काढतात. खानापूरकडच्या एका पोरानं शेळ्या काढल्या, त्याही चालतात.

आजी नातीकडून ते कन्नड वचन शिकल्या. ‘कोरतेपडेनु’ त्यांना जमत नाही, ‘कोरडं पडेन’ असं काहीतरी होतं, आणि धाकटा हसून लोळतो. पण म्हणतात. सुनेनं ते ऐकून काही बोलून दाखवलं नाही. त्या रविवारी मराठी उपासनेला सासूच्या शेजारी येऊन बसली. पुढच्या रविवारी परत कन्नडला गेली. रविवारचा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो माझ्याकडून सुटणारही नाही.

वडिलांचं राहिलं. ते सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं, पण सुरुवातीला मी त्यांना धरलंच नव्हतं. ते स्वतःलाच धरत नव्हते. "टीचर, मी काय शिकवणार? मी तर झोपलेली पोरं बघतो." सुट्टीच्या दिवशी मात्र अपराधी वाटून सगळी कसर एकदम भरून काढायचे: शास्त्राचे दोन-दोन अध्याय, लांब प्रार्थना, पाऊण तास. त्यात धाकटा पेंगला की ओरडा. एकदा लेवीय, बायबलातलं नियमकायद्यांचं पुस्तक, वाचताना पेंगला होता. चार वर्षांच्या पोराला लेवीय!

मी विचारलं, पोरांबरोबर जागेपणी कधी असतोस? विचार करून म्हणाला, सकाळी शाळेत सोडताना. स्कूटरवर, धाकटा पुढं उभा, थोरली मागं दप्तरासकट. आणि टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की पाच-सात मिनिटं इंजिन बंद करून थांबतो.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या चार वेळा दिल्यात: घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. हा माणूस यातल्या फक्त एका वेळेला सापडत होता. मी म्हटलं, मग तेवढीच धर. गेट पडलं की सुरू, गेट उघडलं की बंद. मधेच असलं तरी बंद. मागच्या गाड्या हॉर्न मारतातच.

त्यानं ते पाळलं. आधी पोरं डबे मोजायची, मालगाडी असली तर विशेष. मग प्रत्येकानं एक गोष्ट, कालची आवडलेली किंवा आजची भीती वाटणारी, कुठल्याही भाषेत. थोरलीचं गणित, धाकट्याचा शाळेतला चावणारा मित्र. मग बाप एक ओळ देवाला सांगायचा, हात हँडलवर, डोळे उघडे. एका सकाळी त्यानं आदल्या दिवशी पोरीवर उगाच हात उगारला होता त्याची माफी मागितली, आधी तिची, मग देवाची. बाजूच्या बाइकवरचा माणूस बघत होता म्हणे. मला हे पोरीनं सांगितलं, बापानं नाही. "पप्पा रडले नाहीत," तिनं मुद्दाम सांगितलं, "नुसतं नाक ओढलं."

जूनपासून त्याची फर्स्ट शिफ्ट झाली. सकाळी साडेसहालाच घराबाहेर. पोरं आता व्हॅननं जातात आणि गेटचा विषय संपला. त्याऐवजी संध्याकाळ मिळाली, आणि संध्याकाळ मिळाल्याबरोबर त्याचं जुनं दुखणं उसळलं. मागच्या बुधवारी गेले तर चटई टाकलेली, सगळे ओळीत बसलेले, आजींच्या हाताला पीठ तसंच, आणि हा स्तोत्र ११९ काढून बसलेला. एकशे शहात्तर वचनं. तिसाव्या वचनाच्या आसपास धाकटा आडवा झाला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम तोंड मिटून बसले, कारण हे घर माझं नव्हे.

थोरली सरकत सरकत बापाच्या गुडघ्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, गेट उघडलं की."

त्यानं बोट वचनावर ठेवून वर बघितलं. मग शास्त्र मिटलं, आणि आजी भाकऱ्या करायला उठल्या.